पंधरा मिनिटं

हीउमा बेटाभोवतीचा समुद्र एप्रिल लागला तरी काठाशी कडकच असतो.
एंडेलच्या स्वयंपाकघरामागच्या खोपट्यात मात्र ऊब आहे:
मोडक्या फ्रीजची पेटी, आत अकरा अंडी हंसिणीची,
प्रत्येकावर पेन्सिलनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल.

पेटीचा मेंदू नखाएवढा.
तो मीच बसवला हिवाळ्यात,
आणि त्याच्याशी बोलायची भाषा फक्त मलाच येत राहिली.
काळ्या पडद्यावर अक्षरं बडवायची,
एक टिंब चुकलं की तो गप्प.
"लीविका, तुझं पोरगं माझ्याशी अबोला धरून बसलंय,"
एंडेल म्हणाला. म्हणून ही खिडकी.

आधी तारा.
याचं तोंड त्याच्या कानाला लावायचं असतं.
मी तोंडाला तोंड जोडलं, कानाला कान;
अर्धा तास दोघं बोलत होते
आणि ऐकत कुणीच नव्हतं.
मग वेग.
मी विचारत होते एक लाख पंधरा हजार दोनशेनं,
तो सांगत होता नऊ हजार सहाशेनं,
पडद्यावर नुसती उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, फाटकी अक्षरं.
"काय म्हणतोय?"
"म्हणतोय, बाई, जरा सावकाश."

सरकपट्टी केली होती मी, निळी, देखणी.
एंडेलचा अंगठा थरथरतो.
सदतीस गाठायला निघायचा आणि एकेचाळीसवर पोचायचा,
अंडी उकडून खायची तर ठीक होतं.
पट्टी काढली. दोन बटणं ठेवली, बशीएवढाली,
एका दाबाला अंशाचा दहावा भाग.
तेव्हापासून तो दाबतो आणि मोठ्यानं मोजतो,
चर्चमध्ये मोजावं तसं.

आठव्या दिवशी सकाळी अकराला खिडकी लाल झाली.
सदतीस. छत्तीस. चौतीस.
मी सपाता घालून धावले.
झाकण सताड उघडं,
एंडेल पालथ्या बादलीवर बसलेला, हातात घड्याळ.
"बंद करा!"
"अजून सहा मिनिटं."
"मरतील!"
"आई रोज उठते गं. चरते, पाणी पिते, पंख झाडते.
तेवढ्यात गार पडतात. पडायलाच हवीत."

शंभर ओळी लिहिल्या होत्या मी,
पारा ढळू नये एवढ्याचसाठी.
ढळला की चूक, चूक म्हणजे लाल.
माझी आई सोमवारच्या बोटीनं फिनलंडला कामाला जायची.
ती पंधरा मिनिटं नव्हती,
पण लाल रंग मी तिथूनच आणला असणार.

दुपारभर बसून एक चौकट वाढवली.
किती वाजता, किती वेळ;
तोवर दिवा बंद, पंखा चालू, बोंब मारायची नाही.
"नाव काय देऊ? शीतन-कालावधी?"
एंडेलनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी खोडून टाकलं.
आता तिथं लिहिलंय: आई बाहेर गेली.
त्याच्याखाली: १५.
जतन करा दाबलं. पलीकडून दोन अक्षरं आली, ठीक या अर्थाची.
वीज गेली तरी तो हे विसरणार नाही, मी सांगितलं.
एंडेल म्हणाला, बघू.

वीज गेलीही, दोनदा. विसरला नाही.

तिसाव्या रात्री मी त्याच्या बाकावरच झोपले होते.
तीन वाजून दहा मिनिटांनी ओलावा चढला,
पासष्टवरून एकाहत्तर, मग चौऱ्याहत्तर.
मी आज्ञा तपासल्या. एकही गेलेली नव्हती.
तार हलवून पाहिली.
"बिघडलं का?" एंडेल दारात, लोकरी मोजे, कंदील नाही.
"कुणी काही दाबलेलं नाही," मी म्हटलं,
"आकडा आपला आपणच..."

त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.
पेटीच्या आत, पत्र्याला लागून,
कुणीतरी टकटक करत होतं,
मी ठरवलेल्या कुठल्याच वेगानं नाही.